डाव्या कोपरावरची पिशवी

दवाखान्यात सगळे औषध लागू पडायची वाट बघत असतात. मी ते उतरायची वाट बघत होतो. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना वाटलं असतं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. बायकोला वाटलं असतं, ह्याला केलेल्याची जाणीव नाही. शिवाय सांगणार कसं? पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यापासून माझी जीभ जड झाली आहे. शब्द सगळे आठवतात, वाक्य डोक्यात तयार असतं, पण ते ओठांपर्यंत येईस्तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. उजवा हात धड आहे म्हणून हे लिहितोय. लिहिताना कुणी मध्येच तोडत नाही, एवढं एक बरं.

मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात टूलरूम सांभाळायचो. मूळचा सांगलीकडचा, पण उमेदीची सगळी वर्षं ह्याच शहरात गेली. इतकी वर्षं इथे राहूनही माझी कन्नड दुकानापुरतीच. कामावर हिंदी चालायची, घरी मराठी, आणि बाकी सगळीकडे बायको. ती निपाणीची. तिला दोन्ही भाषा सारख्याच येतात, आणि दोन्हींत ती सारखीच भराभर बोलते. घरमालक असो, रिक्षावाला असो, बँक असो, बोलणार ती आणि बाजूला उभा मी. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच होतं, डोक्याला ताप नाही. झटका आल्यावर कळलं की ही सवय आता जन्माची झाली.

झटका डाव्या बाजूला आला. पाय हळूहळू परत आला, उजव्या हातात काठी धरून मी चालायला लागलो. हात मात्र आला नाही. आधी लुळा लोंबत होता आणि मग काही महिन्यांत आखडत गेला. कोपर दुमडलं ते दुमडलंच, मूठ वळली ती वळलीच, आणि सगळा हात छातीशी येऊन बसला. डॉक्टर त्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. स्नायूला ‘सैल हो’ म्हणून जो हुकूम मेंदूतून यायला हवा तो वाटेतच हरवतो, म्हणून स्नायू आपला आवळूनच राहतो. मेलेला नव्हे, अडून बसलेला हात. मला तो कळायचा. मीही थोडाफार तसाच आहे, असं घरचे म्हणतात.

आता त्या पिशवीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

एकदा आम्ही व्यायामाहून घरी येत होतो. येलहंक्यातला आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायकोच्या एका हातात छत्री, एका हातात किल्ल्या, वर भाजीची कापडी पिशवी. कुलूप काही उघडेना. “जरा धरा हो,” म्हणून तिने पिशवी माझ्या दुमडलेल्या कोपरात अडकवली आणि दार उघडून आत गेली. पिशवी विसरलीच. मी तिच्यामागून आत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने वळून बघितलं आणि हसायलाच लागली. “अगंबाई, खुंटीच झाली की हो तुमची!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पिशवी स्वतःहून कोपरात अडकवली, काठी घेतली आणि दुधाच्या बूथवर गेलो. उजव्या हातात काठी, डाव्या कोपरात पिशवी. बूथवाला दुधाच्या पिशव्या आत टाकायचा, पैसे माझ्या शर्टाच्या खिशातून तोच काढून घ्यायचा. पुढे गाडीवर भाजी विकणारी अक्का बसते. तिला मी बोटाने दाखवायचो, ती वजन करून पिशवीत घालायची, वरून कढीपत्त्याची काडी खोचायची आणि म्हणायची, “सरी ना अण्णा?” म्हणजे ठीक ना. मी मान हलवायचो. त्या व्यवहारात जिभेचं काही कामच नव्हतं.

घरी आलो की बायकोची सुरुवात. मिरच्या मऊ निघाल्या. टोमॅटो तिने फसवून दिले तुम्हाला. कढीपत्ता पिवळा कसा आणलात, डोळे होते की नाही? मला काय आनंद व्हायचा, काय सांगू! झटक्यानंतर इतके महिने मला कुणी रागावलंच नव्हतं. सगळे हळू बोलायचे, उशी सारखी करायचे, ‘आज बरं वाटतंय ना’ विचारायचे. माणसाला असं जपून ठेवलं की तो घरातला राहत नाही, पाहुणा होतो. पिवळ्या कढीपत्त्याने मला परत घरात घेतलं होतं.

पण बायकोच्या बाजूनेही सांगायला हवं. त्या हाताने तिचा जीव मेटाकुटीला आला होता. रोज सकाळी शर्टाची बाही त्या दुमडलेल्या हातावरून चढवायची म्हणजे कुस्तीच. मूठ उघडून आत धुवायची, तर एकेक बोट ओढून सोडवावं लागे. नखं तळहातात रुतायची. उन्हाळ्यात मुठीतून वास यायला लागला आणि मग एक जखमही झाली. ती बोटं उघडता उघडता तिचंच मनगट धरलं. आता ती मनगटाला पट्टा बांधून पोळ्या लाटते. ती कधी कुरकुरली नाही, नुसती दमलेली असायची. आम्ही दोघंही दमलेलो असायचो, ती करून करून आणि मी करून घेऊन घेऊन.

अशात तिला व्यायामाच्या ठिकाणी कुणीतरी त्या इंजेक्शनचं सांगितलं. बोटुलिनम टॉक्सिन. मोठ्या इस्पितळात नसांच्या डॉक्टरीणबाई देतात, हात मोकळा होतो. आमच्या खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, “अहो, ते तर सुरकुत्या घालवायला देतात ना?” त्यावर बायको मला म्हणाली, “मग उरलंसुरलं तोंडालाही मारून घ्या म्हणावं.” एवढी ती खुशीत होती.

इस्पितळ मोठं आहे. फाटकातून आत गेलं की तपासणीच्या खोल्यांपर्यंत लांबच लांब बोळ. तिथे व्हीलचेअर रांगेने उभ्या असतात आणि काठीवाला माणूस दिसला की कुणीतरी येऊन खुर्ची मागून गुडघ्यांना लावतंच. बायको म्हणाली, “बसा, पोचायला तास लागेल नाहीतर.” मी बसलो. फाईल तिच्याकडे, पाण्याची बाटली तिच्याकडे, काठीही तिच्याच हातात. मी रिकाम्या हातांनी, एखाद्या पार्सलसारखा खोलीत नेला गेलो. तेव्हापासून दर खेपेला असंच. आमची चूक झाली ती इथे, आणि ती चूक आहे हे कुणालाच कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला उभं राहिलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

बाई तरुण आहेत, शांत आहेत, आणि माझ्याइतक्याच थकलेल्या दिसतात. बाहेर एवढी माणसं बसलेली, पण त्यांनी कधी घाई केली नाही. त्यांनी नीट समजावलं. हे मुळात विष आहे. बंद डब्यात सडलेल्या अन्नात जे जंतू वाढतात त्यांचं. पोटात गेलं तर माणूस मरतो. पण अगदी कणभर घेऊन नेमक्या स्नायूत टोचलं तर मज्जातंतूचा निरोप तेवढ्या स्नायूपुरता थांबतो, आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. गेलेली ताकद त्याने परत येत नाही, फक्त आवळणं जातं. साधारण तीन महिन्यांनी उतरतं, मग परत घ्यायचं. “विष?” बायकोने पदर तोंडाला लावला. बाई हसल्या. म्हणाल्या, भीती वाटते हे चांगलं आहे, मलाही टोचताना वाटते, म्हणून हात नीट चालतो.

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि मला विचारलं, हिंदीत, सावकाश: “सर, ह्या हाताने तुम्हाला काय करता यायला हवंय?”

प्रश्न चांगला होता. मी तोंड उघडलं. उत्तर डोक्यात जुळत होतं, जिभेवर येत होतं, आणि तेवढ्यात बायकोने कन्नडमध्ये सांगून टाकलं, की ह्यांचा हात चारचौघांसारखा सरळ हवा, बाही चढली पाहिजे, मूठ उघडली पाहिजे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. डॉक्टरांपुढे मी जन्मभर मानच हलवत आलोय, आणि तिने सांगितलं त्यात खोटं तरी काय होतं?

सुया टोचल्या. सुईला वायर, वायर एका मशीनला. सुई बरोबर स्नायूत शिरली की मशीनमधून चुरचुर ऐकू येते, तेलात पापड सोडल्यासारखी. बाई कान देऊन ऐकायच्या, सुई केसभर हलवायच्या आणि मगच औषध सोडायच्या. टूलरूमच्या माणसाला असलं काम बघायला आवडतं. बोटांसाठी कोपराखाली टोचलं, कोपर सैल पडावं म्हणून दंडात टोचलं, आणि खांद्यासाठी काखेजवळ छातीत. दुखलं, पण मी मजेत बघत होतो.

आणि हात उघडला हो! दोन आठवड्यांच्या आत मूठ सैल पडली, कोपर सरळ व्हायला लागलं. बायकोने कोमट पाण्यात माझा तळहात ठेवला, साबण लावला, नखं कापली, आणि एकाएकी रडायला लागली. मी घाबरलो. ती म्हणाली, “काही नाही हो, किती दिवसांनी हात बघितला तुमचा.” बाही सुळकन चढली. व्यायाम घेणाऱ्या मुलीने कोपराचा कोन मोजला आणि टाळी वाजवली. मला आनंद झाला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. त्या दिवशी मलाही वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी कोपरात अडकवली आणि दूध आणायला गेलो. जाताना ठीक. येताना दूध आत, वजन आलं, आणि पिशवी कोपरावरून सरकत सरकत मनगटाशी आली. हात तिला धरू शकत नव्हता. बोटं उघडी होती, पण त्यांत जोर कुठला? जिन्यात अर्ध्यावर पिशवी पडली आणि दुधाच्या पिशव्या फुटल्या. पायऱ्यांवरून दूध खाली चाललेलं. मी काठी धरून बघत उभा. वाकलो असतो तर मीही त्याच वाटेने गेलो असतो.

खालच्या बाईने पाणी ओतलं. बायको धावत आली, आधी मला चाचपलं, मग पायरी पुसली. मी मनात म्हणत होतो, रागव, बये, काहीतरी बोल, आंधळा म्हण, धांदरट म्हण. ती हळू आवाजात म्हणाली, “राहू दे. उद्यापासून मी आणत जाईन.”

ते ‘राहू दे’ मला सुईपेक्षा जास्त लागलं.

मी काय काय करून बघितलं! पिशवी डाव्या खांद्याला अडकवली, खांदा उतरता, ती घसरली. उजव्या खांद्याला अडकवली, तर ती काठीवर आपटून पाय अडखळायला लागला. पाठीवरची पिशवी एका हाताने चढत नाही, आणि दुसऱ्या कुणी चढवून द्यायची तर मग मी जायचं कशाला? बायको प्रत्येक वेळी बघायची आणि म्हणायची, “राहू दे हो.” तिचंही खरं होतं. मी पडलो असतो तर तिच्याच गळ्यात आलं असतं सगळं. तरी राग यायचा. तिचा नाही, स्वतःचाही नाही, मग कुणाचा यायचा कोण जाणे, पण दिवसभर यायचा.

सकाळी मी बाल्कनीत बसून तिला बूथकडे जाताना बघायचो. मनगटाला पट्टा, पट्ट्यावर पिशवी. अक्काने एकदा खालून विचारलं, “अण्णा बरल्वा?” म्हणजे अण्णा येत नाहीत का. बायको काहीतरी बोलली, अक्काने वर माझ्याकडे बघून हात केला. मी हसलो. आत येऊन आडवा झालो आणि दुपारपर्यंत उठलो नाही. जेवायला या म्हणाली तरी भूक नाही म्हणालो, आणि ते दोन शब्द बोलायलाही मला इतका वेळ लागला की ती ताट घेऊन दारातच उभी राहिली.

तेव्हापासून मी औषध उतरायची वाट बघायला लागलो. बाईंनी सांगितलं होतं, ज्या टोकाला विष बसतं तिथून मज्जातंतू नवे कोंब काढतो, दुसऱ्या वाटेने स्नायूपर्यंत जातो आणि निरोप पुन्हा सुरू करतो. त्यांच्या दृष्टीने ती अडचण होती. मी मात्र त्या कोंबांच्या बाजूने होतो. या रे बाबांनो, लवकर या, म्हणत बसायचो. बायको आंघोळीला गेली की पिशवी काढायची, आत वर्तमानपत्र घालायचं आणि कोपरात अडकवून बाल्कनीत येरझारा घालायच्या. ती बाहेर यायच्या आत पिशवी परत खिळ्याला. वर्तमानपत्र टिकायला लागलं तेव्हा त्यात नारळ ठेवला. नारळ बरेच दिवस पडायचा. एकदा टिकला.

आणि त्याच आठवड्यात सकाळी बाही चढवताना बायको म्हणाली, “अरे देवा, परत आखडायला लागला हो हात! आजच फोन करून नंबर लावते.”

काय बोलणार? एका हाताने आलं आणि दुसऱ्या हाताने चाललं. ती फोनवर बोलत होती, आणि मला पीण्यातला आमचा जुना फोरमन आठवला. मशीन दुरुस्त झालं की मेकॅनिक ते रिकामं चालवून दाखवायचा. कसं गोड चालतंय बघा. फोरमन म्हणायचा, रिकामं चालवून मला नको दाखवू, त्यावर जॉब लाव, खरं काम चढव, मग बघतो. जॉब लावल्याशिवाय त्याने कुठलंही मशीन पास केलं नाही. माझा हात सगळ्यांनी रिकामाच बघितला होता. कोन मोजला, मूठ बघितली. त्यावर काय जॉब चालायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याची जीभ जड.

बाईंपुढे सगळं कन्नडमध्येच ठरायचं, तिथे मला दोन शब्द पुरले असते. म्हणून मी अक्काकडे गेलो, काठी टेकत, रिकाम्या हाताने. तिच्यापुढे उभा राहून काठी गाडीला टेकवली, कोपरावर उजव्या हाताची मूठ आपटली आणि भुवया उडवल्या. ती आधी घाबरली, मग समजली. “मोणकै,” ती म्हणाली. मी म्हणून बघितलं. तिने पुन्हा म्हटलं. नको म्हणायला ‘बेडा’ म्हणतात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं, बाजारात तेवढंच तर बोललो होतो. तिला वाटलं कोपर दुखतंय, तिने गाडीवरचं लसूण दिलं, तेलात उकळून लावायला. मी घेतलं. नाही कसं म्हणणार?

ठरल्या दिवशी रिक्षातून उतरलो आणि फाटकातच भांडण झालं. खुर्ची आली, मी बसेना. बायको म्हणाली, “अहो, नंबर जाईल!” मी मान हलवली. नाही. मग तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे बोट केलं. आत फाईल, बाटली, डबा. “हे कशाला तुम्हाला? पडेल.” मी कोपर पुढे केलं. माणसं बघायला लागली. खुर्चीवाला एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. ती चिडली, खरंच चिडली, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. “घ्या! घ्या आणि पाडा! फाईल भिजली ना, तर मी नाही बघणार!” तिने पिशवी कोपरात अडकवली आणि पुढे चालायला लागली.

तो बोळ संपता संपेना. काठी, पाय, पाय. काठी, पाय, पाय. घाम डोळ्यांत जायला लागला, पुसायला हात नाही. बायको पुढे जायची, थांबायची, कपाळाला हात लावायची, परत पुढे जायची. आमचा नंबर खरोखरच पुकारला आणि दुसरं कुणीतरी आत गेलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, बसावं झालं खुर्चीत, कशाला हा हट्ट, किती पळवायचं ह्या बाईला! पण पिशवी कोपरात होती. जड होती आणि होती तिथेच होती. मी चालत राहिलो.

दार उघडून आत गेलो तेव्हा बाईंनी नेहमीसारखं खुर्चीच्या उंचीला बघितलं, मग मान वर केली. मी समोर उभा. उजव्या हातात काठी, डाव्या कोपरात पिशवी, आणि धापा. त्यांनी काही विचारायच्या आत, आणि बायकोने काही बोलायच्या आत, मी म्हणालो, “मोणकै... बेडा.”

स्वच्छ नाही आलं. पण आलं.

बाईंनी कोपराकडे बघितलं. पिशवीकडे बघितलं. उठून जवळ आल्या, पिशवीचा बंद बोटाने खाली ओढून बघितला. कोपर हललं नाही. “गेल्या खेपेनंतर हे जमत नव्हतं?” त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, माझं चुकलं, तुम्हाला चालताना बघायला हवं होतं मी. मग म्हणाल्या, दंडात टोचायचं सोडता येतं. बोटांना देऊ, खांद्याला देऊ, कोपर तसंच ठेवू.

मी सुटकेचा श्वास टाकतो तोवर त्या बायकोकडे वळल्या. अम्मा, पण बाही चढवायला त्रास होईल. आणि कोपर रोज ताणून द्यायला लागेल, दोनदा, नाहीतर सांधा तिथेच धरून बसेल. ते तुम्हालाच करावं लागणार. तुमचं मनगट असं. जमेल?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या पिशवीचं ओझं शेवटी तिच्याच मनगटावर जाणार होतं. मी ‘राहू दे’ म्हणायला तोंड उघडलं, आणि नेहमीप्रमाणे शब्द आलाच नाही.

 सगळ्या प्रश्नांना माझ्याआधी उत्तर देणारी बायको ह्या वेळी मनगटाकडे बघत बसली. पट्ट्यावरून अंगठा फिरवत होती. मग बाईंकडे न बघता मला म्हणाली, मराठीत, “पिशवीसाठी?”

“हो.”

“ह्या पिशवीसाठी इतके दिवस तोंड पाडून बसला होतात? मला वाटलं, तुम्हाला जगायचाच कंटाळा आला.” तिचा आवाज फाटला. “मी रोज घाबरत होते हो. दूध आणायला जायचे ती धावत परत यायचे.”

मला रडू आलं. झटक्यानंतर रडू असंही लवकर येतं, डॉक्टर म्हणतात तो आजाराचाच भाग आहे. हे तसलं नव्हतं. तिने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि बाईंना कन्नडमध्ये सांगितलं की कोपर तसंच ठेवा, बाहीचं मी बघते.

घरी आल्यावर तिने माझे सगळे शर्ट बाहेर काढले, डाव्या बाह्यांची शिवण ब्लेडने उसवली आणि तिथे टिचबटणं लावायला बसली. अधूनमधून सुई खाली ठेवून मनगट दाबायची. मी शेजारी बसून बटणांची डबी धरली होती. “एवढी अक्कल आधी सुचली असती तर,” ती पुटपुटली. माझ्या अकलेविषयी बोलली की स्वतःच्या, ते मी विचारलं नाही.

बोटं यथावकाश उघडली. तळहात धुतला, नखं कापली. कोपर दुमडलेलंच राहिलं. ते ती सकाळ-संध्याकाळ ताणते, मी ओरडतो, ती दामटते, दोघंही घामाघूम होऊन बसतो. हे आता असंच चालणार, दर तीन महिन्यांनी तो बोळ, त्या सुया. थकवा गेलेला नाही. कुणाचाच नाही.

परवा सकाळी टिचबटणं लावून झाली आणि ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा आवाज आला. “अहो, दूध संपलंय,” ती आतून म्हणाली.

मी पुढच्या शब्दांची वाट बघत राहिलो. राहू दे, मी आणते.

ती बाहेर आली. खिळ्यावरची पिशवी काढली, माझ्या कोपरात अडकवली आणि काठी हातात दिली.

“आणि कढीपत्ता नीट बघून घ्या,” ती म्हणाली. “मागच्या वेळी पिवळा आणला होतात.”